हरभऱ्याचा घाटा आणि टोपीवाला : संक्रांतीच्या एका संवेदनखेळाचं प्रकरण

त्याचं खरं नाव इथे देत नाही. थंडी पडली की तो कान झाकणारी निळी माकडटोपी घालून येतो आणि शाळा सुटेपर्यंत काढत नाही, म्हणून या टिपणापुरता तो टोपीवाला. जून 2024 मध्ये आमच्या छोट्या शिशूत आला तेव्हा साडेतीन वर्षांचा होता. बोलणं स्वच्छ, गोष्टी तोंडपाठ, वीसपर्यंत वस्तू बिनचूक मोजायचा. अडचण एकच होती, ती हातांची. हात तो कशाला लावायचाच नाही. वाळूच्या खड्ड्याच्या कडेला उभं राहून इतरांना सूचना द्यायचा. कणकेचा गोळा पुढे केला की दोन्ही हात पाठीमागे. डब्यातल्या पोळीचे आईने चौकोनी तुकडे करून दिलेले असायचे, ते काट्याने खायचा. भाजीचा रस बोटाला लागलाच तर बोटं फाकवून, हात लांब धरून, चालत मावशींकडे जायचा. "मावशी, पुसा."

आमची बालवाडी धनकवडीच्या बाजूला एका सोसायटीच्या तळमजल्यावर आहे. दोन खोल्या, सात-आठ पावलांचं अंगण, 18 मुलं, मी, आणखी एक ताई आणि मावशी. मावशी कागदोपत्री मदतनीस आहेत. या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा सल्ला त्यांचा आहे.

डिसेंबरमधला पांढरा ट्रे

आधी फसलेल्या खेळाबद्दल लिहिते, कारण पुढचं सगळं त्यातून निघालं. डिसेंबरचा विषय होता 'थंडी'. मोबाईलवर सुंदर फोटो पाहिलेले होते, त्याप्रमाणे मी मोठ्या ट्रेमध्ये कापूस, थर्माकोलचे मणी आणि दाढीचा फेस घेऊन बर्फ केला, वर प्लास्टिकचे पेंग्विन ठेवले. ट्रे दिसायला छान होता. मुलं पाच मिनिटं खेळली. थर्माकोलचे मणी लोकरीच्या स्वेटरांना चिकटले, झटकले की पुन्हा चिकटले. पुण्यातली हिवाळ्याची हवा इतकी कोरडी असते की लोकर जरा घासली तरी हे होतंच. फेसाचा एक शिंतोडा टोपीवाल्याच्या मनगटावर उडाला. तो वीस मिनिटं रडत होता आणि त्यानंतर दोन दिवस त्या टेबलाच्या बाजूला फिरकला नाही.

त्या संध्याकाळी मणी झाडून काढताना मनात आलं, यातल्या एकाही मुलाने बर्फ पाहिलेला नाही. ट्रेमधलं त्यांच्या ओळखीचं काहीच नव्हतं. पुण्याची थंडी तशी असतेच कुठे? पहाटे दहा-बारा अंश, दुपारी अठ्ठावीस-तीस. अकरा वाजता स्वेटर कमरेला बांधलेले असतात. ओठ फुटतात, टाचांना भेगा पडतात, गवतावर दव असतं, रस्त्याकडेला शेकोटीचा वास असतो. आणि मंडईत या दिवसांत जे येतं ते वर्षभर पुन्हा दिसत नाही: हरभऱ्याच्या जुड्या, पावट्याच्या शेंगा, मातीसकट गाजरं, गव्हाच्या ओंब्या, बोरं, ऊस. संक्रांतीच्या सुगडात घालायचं वाण म्हणजे आपल्या हिवाळ्याचा अख्खा नमुना. मी पेंग्विन शोधत फिरले आणि हे डोळ्यांसमोर असून मला दिसलं नाही.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीला बालवाडीचं काम सुरू केलं, पुढे 1957 मध्ये ते कोसबाडला नेलं. माँटेसरीची महागडी साधनं त्या मुलांना परवडणारी नव्हती, म्हणून बिया, पानं, शिंपले, काड्या हेच त्यांनी साधन केलं. आम्ही प्रशिक्षणात हे शिकतो, परीक्षेत लिहितो. माझ्या वर्गात ते उतरायला थर्माकोल झाडावा लागला.

2 जानेवारी

ठरवलं, सुगडाचं टेबल मांडायचं. मात्र पहिल्या दिवशी मी चूक केली आणि ती गंभीर होती. ताजा माल आणायला वेळ नव्हता, म्हणून घरातले कोरडे हरभरे मोठ्या परातीत ओतले आणि मुलांना वाट्या-चमचे दिले. आवाज सुरेख येत होता, मुलं रमली होती, अगदी टोपीवालाही चमच्याने हरभरे उचलून वाटीत टाकत होता. दहाव्या मिनिटाला एका मुलीने येऊन शांतपणे सांगितलं, "ताई, माझ्या नाकात चणा गेला."

मी नाकात बोट घातलं नाही, चिमटा घातला नाही, पाणी सोडलं नाही. एवढं तरी ठाऊक होतं. तिला मांडीवर घेतलं, तोंडाने श्वास घ्यायला लावला, आईला फोन केला आणि दोघी तिला घेऊन जवळच्या कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी बारीक आकड्याने हरभरा दोन मिनिटांत बाहेर काढला. तिने वेळेवर सांगितलं म्हणून सोपं गेलं. कोरडं कडधान्य नाकातल्या ओलाव्याने फुगतं आणि मग घट्ट बसतं. मूल बोललंच नाही तर बऱ्याच दिवसांनी एकाच नाकपुडीतून घाण वासाचा शेंबूड येऊ लागतो आणि तेव्हा कळतं. नाकातला हरभरा निदान काढता येतो. हसता-खेळता तोंडातला हरभरा श्वासनलिकेत गेला तर जिवावर बेततं. चार वर्षांखालच्या मुलांना शेंगदाणे-फुटाणे देऊ नका असं बालरोगतज्ज्ञ सांगतात ते याचसाठी, आणि माझ्या वर्गात चार वर्षांखालची सात मुलं होती.

त्या मुलीच्या आईवडिलांसमोर बसून मी सगळं जसं घडलं तसं सांगितलं. ते चिडले, आणि त्यांचं चिडणं रास्त होतं. दुसऱ्या दिवशी सर्व पालकांना लेखी कळवलं, आणि शेंगदाणा किंवा तीळ कोणाला सोसत नाही का हे त्याच चिठ्ठीत विचारलं. हे मी आधीच विचारायला हवं होतं. एका मुलाला शेंगदाण्याची अॅलर्जी निघाली, म्हणून भुईमुगाच्या शेंगा यादीतून गेल्या.

टेबल पुन्हा मांडलं

नवा नियम एकच होता. सव्वा इंचाहून लहान कुठलीही वस्तू मुलांच्या हातात सुटी जाणार नाही. तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांसाठी सुटे भाग तपासायची जी नळी असते तिचा व्यास साधारण एवढाच, 31.7 मिलिमीटर असतो. आमची मुलं त्याहून थोडी मोठी आहेत, तरी आता मी तेच माप धरते. मग लहान वस्तूंचं काय करायचं? त्या आपापल्या आवरणात ठेवायच्या. दाणे शेंगेतच राहतात. तीळ झाकण चिकटवलेल्या पारदर्शक बरणीत जातात, हलवले की पावसासारखा आवाज येतो आणि बरणी तिरकी केली की वाळूसारखे सरकतात. गावठी बोरं मलमलच्या पुरचुंडीत घट्ट बांधायची, फक्त वास घ्यायला. मोठी अॅपल बोरं आणावीत असा एक विचार होता, पण बोराचा जो वास खोलीभर पसरतो तो गावठी बोरालाच असतो, म्हणून पुरचुंडीच ठेवली. ओंब्यांची कुसळं आदल्या दिवशीच कात्रीने कापली, कारण कुसळ घशात किंवा कानात गेलं तर काढणं फार कठीण. उसाचे वीतभर लांब तुकडे, सालीसकट, चावायला नव्हे तर पेरं चाचपायला. गाजरं पाल्यासकट, मातीसकट, शेजारी पाण्याची घमेली आणि जुने दातांचे ब्रश.

सुगडं कुंभारवाड्यातून आणली, लाल आणि काळी दोन्ही. सगळा खर्च मिळून सहाशे रुपयांच्या आत बसला. एका वेळी सहाच मुलं, वीस मिनिटं, सतरंजीवर. दाणे सोलण्याचं काम सगळ्यात शेवटी, तिघांतच, समोर मी बसलेली. सोललेला दाणा थेट वाटीत, आणि वाटी दर फेरीनंतर उचलायची. हिरवा सोला, म्हणजे सोललेला ओला दाणा, मऊ असला तरी आकाराने कोरड्या हरभऱ्याएवढाच असतो, हे विसरून चालत नाही.

हरभऱ्याच्या जुड्या मंडईतून घेतल्या, तीन पाण्यांतून धुतल्या. त्यावर घाटे, म्हणजे हरभऱ्याच्या शेंगा, पोखरणाऱ्या घाटेअळीसाठी फवारणी झालेली असू शकते आणि मुलं बोटं तोंडात घालणारच. पण सोमवारी मावशी सासवडकडच्या भावाच्या शेतातून एक मोठा भारा घेऊन आल्या, न फवारलेला. म्हणाल्या, "ताई, हा धुवू नका. याची आंब जाईल."

आंब म्हणजे काय ते मला ऐकून माहीत होतं, हाताला कधी लागलेली नव्हती. हरभऱ्याच्या पानांवर आणि घाट्यांवर बारीक लव असते आणि तिच्या टोकाशी आंबट रस पाझरतो. त्यात मॅलिक आणि ऑक्झॅलिक ही आम्लं असतात. शेतकरी रात्री पिकावर धुतलेलं फडकं पसरतात, पहाटे दवाने भिजलेलं ते फडकं पिळून आंब गोळा करतात आणि पोटदुखीला देतात. भारा सोडला तेव्हा माझ्या बोटांना चिकटपणा जाणवला, जिभेला लावलं तर लिंबाहून वेगळं, जरा खारट-आंबट. भेगा पडलेल्या कातडीला हा रस झोंबतो. म्हणून खेळाआधी सगळ्यांचे हात पाहिले आणि फुटलेल्या हातांच्या दोन मुलांना त्या दिवशी गाजरांकडे बसवलं.

टोपीवाल्याचा आठवडा

सोमवारी, 6 जानेवारीला, तो दाराशी उभा राहिला. वीस मिनिटं पाहत होता, बसला नाही. मी दोनदा "ये ना, हात लावून बघ" म्हटलं, दोन्ही वेळा हात पाठीमागे गेले. मुलं गेल्यावर मावशी भांडी विसळता विसळता बोलल्या. "त्याला हात लाव म्हणू नका, ताई. त्याला म्हणा, एवढं तिकडे नेऊन दे."

इतक्या वर्षांत मला कोणी याहून उपयोगाचं सांगितलेलं नाही. 'हात लावून बघ' म्हटलं की मुलाचं सगळं लक्ष हाताकडे जातं, आणि त्याला नको असलेली गोष्ट नेमकी तीच असते. काम दिलं की लक्ष कामाकडे जातं, हात आपोआप मागून येतो.

मंगळवारी त्याला धान्य पाखडायचं सूप दिलं. स्वयंपाकाच्या ओट्यापासून सतरंजीपर्यंत घाटे न्यायचे. सुपाची कड धरायला त्याची हरकत नव्हती. सात खेपा केल्या, एकही घाटा सांडला नाही, आणि दर खेपेला मुलांना बजावत होता, "सावकाश घ्या, पडतील." त्याच दिवशी एका मुलाच्या आजी त्याला न्यायला आल्या आणि टेबल पाहून थबकल्या. "अन्नाशी खेळू नये गं." मला त्यांचं म्हणणं पटलं. म्हटलं, आजी, हे वाया जाणार नाही, मुलांनी सोललेले दाणे आम्ही भोगीच्या भाजीत घालणार आहोत. तुम्ही याल का सोमवारी? त्या आल्या, त्याबद्दल पुढे.

बुधवारी टोपीवाल्याला स्वयंपाकघरातला लहान चिमटा दिला आणि खांद्यावर एक नॅपकिन टाकला. नॅपकिन ही माझी भर. हात पुसायला मावशींपर्यंत चालत जावं लागणार नाही, पुसायचं की नाही हे त्याचं त्याने ठरवायचं. काम असं होतं की चिमट्याने एकेक घाटा उचलून सुगडात टाकायचा. अकरा घाटे टाकले, मोजून. नॅपकिनला एकदाही हात लावला नाही.

गुरुवारी तो तिघांच्या गटात बसला. शेजारचा मुलगा घाटा बोटांत धरून दाबत होता, घाटा फटकन फुटत होता, दाणा वाटीत पडत होता. टोपीवाल्याने चिमट्याने दाबून पाहिलं. घाटा निसटला. पुन्हा धरला, पुन्हा निसटला. तिसऱ्यांदा त्याने घाटा सतरंजीवर ठेवला आणि उजव्या हाताच्या पहिल्या बोटाच्या टोकाने, बाकीची चारही बोटं आखडून घेऊन, वरून दाबला. फट्. तो दचकला. बोट डोळ्यांपुढे धरलं, निरखलं, मग हुंगलं. मी श्वास रोखून बसले होते आणि काही बोलायचं नाही असं स्वतःला बजावत होते. त्याने बोट जिभेला लावलं.

"ताई, बोट आंबट झालं."

"हो का?"

"आधी नव्हतं." थोडं थांबून, "अजून एक देऊ शकता का?"

चार घाटे फोडले. चौथ्याला अंगठाही आला, म्हणजे घाटा चिमटीत धरला. मग खांद्यावरचा नॅपकिन ओढून एकेक बोट नीट पुसलं आणि उठून गेला. चार घाटे हे फार नाही, पण जूनपासून त्याने ओल्या, चिकट वस्तूला आपणहून बोट लावलेलं मी पाहिलं नव्हतं.

शुक्रवारी सुगडं पाण्यात बुडवायचा खेळ होता. कोरं सुगड पाण्यात धरलं की बारीक आवाज करत अंगाअंगातून बुडबुडे सोडतं, कारण मातीच्या छिद्रांतली हवा बाहेर पडते आणि पाणी आत शिरतं. बाहेर काढलं की रंग गडद झालेला असतो आणि पहिल्या पावसासारखा वास येतो. मुलांनी हा खेळ पुन्हा पुन्हा मागितला. एकदा भिजलेलं सुगड फारसं बोलत नाही, हे त्यांच्या लगेच ध्यानात आलं आणि ती कोरी सुगडं शोधू लागली. टोपीवाल्याने मनगटापर्यंत हात बुडवून सुगड धरून ठेवलं, बुडबुडे थांबेपर्यंत. "पिऊन झालं याचं," म्हणाला.

भोगी

सोमवारी, 13 जानेवारीला, भोगी. आजी सकाळीच आल्या आणि पाटावर बसून मुलांबरोबर दाणे सोलू लागल्या. मुलांपेक्षा त्यांचाच ढीग मोठा झाला. हरभरा, पावटा, गाजर, वांगं, तिळाचं कूट घालून मावशींनी मिसळीची भाजी केली, आजींनी तीळ लावून बाजरीच्या भाकरी थापल्या. थापताना भाकरीचा आवाज ऐकायला सगळी मुलं ओट्यापासून दूर आखलेल्या खडूच्या रेघेवर उभी होती. मुलांना वाढायची भाजी मऊ शिजवून दाणे चेचलेले होते. टोपीवाल्याने चमच्यानेच खाल्लं. गाजर बाजूला काढलं, हरभरा खाल्ला, आणि एका चेचलेल्या दाण्याकडे बोट दाखवून म्हणाला, "हा मी सोललेला." तो त्याचाच होता की नाही, याने काही बिघडत नव्हतं.

शुक्रवारी, 17 तारखेला, बोरन्हाण केलं. पाच वर्षांपर्यंतच्या मुलांचं बोरन्हाण घरोघरी रथसप्तमीपर्यंत होतं, त्यात बोरं, उसाचे करवे, हलवा, चुरमुरे डोक्यावरून ओततात. आम्ही फक्त चुरमुरे आणि झेंडूच्या पाकळ्या घेतल्या. अंगावर अचानक काही पडणं टोपीवाल्याला सोसलं नसतं, म्हणून त्याला आधीच विचारलं, तुला ओतून घ्यायचंय की ओतायचंय? त्याने ओतायचं काम घेतलं. अठरा मुलांत सतरा जणांचं बोरन्हाण त्याने केलं, नंतर माझंही.

काय बदललं नाही, तेही लिहायला हवं. कणकेला तो अजून हात लावत नाही. रंगकामात ब्रश लागतो, बोटाने रंगवणं नाही. वाळूत आता चमचा घेऊन बसतो, पूर्वी बसतच नव्हता. त्याच्या आईशी मी भोगीनंतर सविस्तर बोलले. नखं कापताना घरात रडारड, कपड्याचं लेबल टोचतं म्हणून कापावं लागतं, अनवाणी गवतावर पाय ठेवत नाही, असं त्यांनी सांगितलं. त्यातलं काय स्वभावाचं आणि काय मदत लागण्यासारखं, हे ठरवणं माझं काम नाही. खाणं, कपडे, झोप यांत रोज अडचण येत असेल तर बालरोगतज्ज्ञांशी बोला, लागलं तर ते ऑक्युपेशनल थेरपिस्टकडे, म्हणजे रोजची कामं जमायला मदत करणाऱ्या तज्ज्ञांकडे, पाठवतील, एवढं मी त्यांना स्पष्ट सांगितलं. त्या बोलल्या आहेत.

फेब्रुवारीत मटार स्वस्त झाला तेव्हा त्याच्या आईने एकदा शाळा सुटताना सांगितलं की रोज संध्याकाळी तो आजीसमोर बसून मटार सोलतो, पाच-सहा शेंगा झाल्या की पुरे म्हणतो. खांद्यावर नॅपकिन लागतोच.